टाटा करणारं कार्ड

"बाबा, तुमचा हात आता कसा दिसते?"

दीक्षाने विचारलं, आणि विचारल्याबरोबर तिला वाटलं की हा प्रश्न पोटातच राहिला असता तर बरं झालं असतं. ताटात आलुवांग्याची भाजी होती, तव्यावरची गरम पोळी होती. बाबांचा डावा हात पोळीचा तुकडा घेऊन तोंडापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. उजवा हात नेहमीसारखा मांडीवर होता, पिवळ्या टॉवेलाखाली. आईने टीव्हीचा आवाज कमी केला. काहून केला कोण जाणे, कारण त्यानंतर घरात जी शांतता झाली तिच्यापेक्षा मालिकेतल्या सासूचं ओरडणं परवडलं असतं.

बाबांनी तुकडा ताटात ठेवला, उठले, मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

"तुले अक्कल आहे का वं जराशी?" आई दबक्या आवाजात म्हणाली. "जेवत्या माणसाले असं विचारतात?"

"मग कधी विचारू? जेवायलाच तर बाहेर येतात ते."

"तोंड वर करून बोलू नको. उचल ते ताट."

दीक्षाने ताट उचललं. बाबांची अर्धी पोळी तशीच होती. तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग, आणि तो भूमिका आणि नंदिनी या मैत्रिणींवर. कारण खरं सांगायचं तर हा प्रश्न त्या दोघींचा होता.

झालं असं की दुपारच्या सुट्टीत तिघी शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर चिवडा खात बसल्या होत्या. बाबा घरात हात कसा लपवतात, आंघोळीलासुद्धा कसे टॉवेल गुंडाळूनच जातात, हे दीक्षा सांगत होती. नंदिनी म्हणाली, "तू त्यायले विचारत काहून नाहीस सरळ?"

"असं कसं विचारू?"

"बाप्पा! मुख्याध्यापकांना भर प्रार्थनेत विचारते, सर, मुलींच्या बाथरूमचा नळ कधी लागणार म्हणून. अन् घरच्या माणसाले विचारायले घाबरते?"

"शाळेतच फुशारकी हिची," भूमिका म्हणाली. भूमिका पारशिवनीकडची. शिकायला इथे काकांकडे राहायची आणि जे मनात आलं ते धाडकन बोलायची. "लाव पैज. आज विचारलं नाहीस तर उद्यापासून आम्ही तुले घाबरट म्हणू."

आता दीक्षाला घाबरट म्हणणं म्हणजे तिच्या नव्या पंखांवर पाय देणं होतं. मागच्या वर्षापर्यंत ती शेवटच्या बाकावर बसून ओठातल्या ओठात हजेरी देणारी मुलगी होती. प्रीती मॅडमच्या वाढदिवसाला तिने एक कार्ड करून दिलं, मॅडमनी ते सगळ्या वर्गाला फिरवून दाखवलं, आणि त्या दिवसापासून पोरीचा आवाजच बदलला. वर्गात प्रश्न कोण विचारणार? दीक्षा. भाषण कोण करणार? दीक्षा. यंदा दहावीच्या निरोप समारंभात प्रत्येकाला हातात द्यायची कार्डं नववीच्या वतीने कोण करणार, हेसुद्धा मॅडमनी कुणाला न विचारता तिचं नाव घेऊन सांगून टाकलं होतं. असं काम शाळेत याआधी कुणाला मिळालं नव्हतं. दीक्षा आठवडाभर जमिनीवरून चाललीच नाही.

आणि हे सगळं आलं होतं एका मशीनमधून.

मशीन पुण्याच्या मावशीची. मावशीचा शौक भागला आणि तिने ती डायच्या, म्हणजे कागद कापायच्या साच्यांच्या, डब्यासकट दीक्षाला देऊन टाकली. दोन रोलर आणि एक हँडल, एवढीच ती मशीन. एका प्लास्टिकच्या प्लेटवर जाड कार्डशीट ठेवायची, तिच्यावर धारेची डाय पालथी घालायची, वर दुसरी प्लेट. हा सगळा थर रोलरच्या तोंडाशी धरून हँडल फिरवायचं. कर्र कर्र करत तो पलीकडून बाहेर येतो आणि वरची प्लेट उचलली की कागदाचं पान, फूल, पाखरू अलगद सुटून हातात येतं. मग पानाखाली गडद कागदाचं दुसरं पान, त्याच्याखाली फोम टेपचे तुकडे, म्हणजे ते कार्डावर उचलून येतं. कोपऱ्यात शाईचा शिक्का. झालं कार्ड. सांगायला सोपं. पण पहिल्यांदा कागदाचं फूल सुटून तळहातावर पडलं तेव्हा दीक्षा नाचली होती.

तिच्याइतकेच खूश झाले होते बाबा. संघपाल, म्हणजे तिचे बाबा, बुटीबोरीला खोक्यांच्या एका कारखान्यात पंचिंग मशीनवर होते. तिथेही डायच. पण ती दाराएवढी, लाकडात पोलादी पत्त्या ठोकलेली, आणि मशीन भिंतीएवढी. तोंड उघडायची, माणसाने पुठ्ठ्याची शीट आत लावायची, तोंड मिटायची, शीट कापून यायची. दिवसभर उघड-मीट, उघड-मीट. "माही बेटी अन् मी एकाच लाइनीत आहो," असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. एकदा त्यांनी उरलेल्या पत्तीची, पकडीने वाकवून वाकवून, पिंपळपानाची डाय करून आणली. ती इतकी जाड निघाली की रोलरमध्ये शिरेना. बाबा पोट धरून हसले. "आपली डाय हत्तीची अन् तुही मशीन उंदराची!" शेवटी त्या पानासाठी लाकडी हातोडा आला. बुद्धपौर्णिमेला सगळ्या गल्लीला गेलेली पिंपळपानं त्या दोघांनी अंगणात ठोकून ठोकून काढली होती.

मशीनवर कसं बसायचं तेही बाबांनीच शिकवलं. "कागद तिरपा गेला की माल वाया. तो सरळ आत शिरेपर्यंत हात सोडायचा नाही." दीक्षाने ते मनावर घेतलं होतं. रोलर कागद ओढायला लागला तरी तिची बोटं शेवटच्या क्षणापर्यंत कडेला असायची.

मग दिवाळीनंतरच्या एका दुपारी आईला फोन आला.

आई दवाखान्यात गेली आणि संध्याकाळी दीक्षाला एवढंच म्हणाली, "बाबाच्या हाताले लागलं. टाके पडले. उद्या नेते तुले." बस. दीक्षाने विचार केला, टाके पडले म्हणजे दुखत असेल, दुखत असेल म्हणजे कार्ड पाहिजे. डबा उपसला तर वरच पंजाची डाय. लहान मुलांच्या वाढदिवसाची, पाच बोटं पसरलेला गुटगुटीत हात. तिने तो गव्हाळ कागदावर कापला, खाली निळ्या कागदाचा एक थर दिला आणि मागे कागदाच्या पट्टीची घडी घालून स्प्रिंग केली. कार्ड उघडलं की पंजा टुणकन उभा राहायचा आणि हलायचा. बाबा रोज सकाळी ड्युटीला निघताना कोपऱ्यावरून तिला टाटा करायचे ना, अगदी तसा. "लवकर बरे व्हा" असा शिक्का मारून तिने खाली पेनाने लिहिलं, "आणि मला टाटा करा!" तोपर्यंतच्या सगळ्या कार्डांत हे भारी झालं होतं. ती स्वतःच ते उघडून मिटून बघत बसली.

वार्डात बाबांच्या हाताला एवढं मोठं बँडेज होतं की आत काय आहे ते देवालाही दिसलं नसतं. शेजारी त्यांच्या कारखान्यातले धर्मेंद्रकाका बसले होते. दीक्षाने कार्ड दिलं. बाबांनी डाव्या हाताने उघडलं. पंजा टुणकन उभा राहिला, पाचही बोटं पसरून, आणि हलायला लागला.

"पहा बाबा, तुमचा हात!" दीक्षा टाळी वाजवून म्हणाली.

धर्मेंद्रकाकांना खोकला आला. आईने भिंतीकडे तोंड केलं. पंजा आपला हलतच होता, थांबता थांबेना. बाबांनी कार्ड मिटलं, उशीखाली ठेवलं आणि म्हणाले, "मस्त आहे बेटा." एवढंच.

परत येताना ऑटोत आईने तिला सांगितलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली होती. पहिलं आणि मधलं.

त्या क्षणी ऑटोतून रस्त्यावर उडी मारावी असं दीक्षाला वाटलं होतं. अजूनही ते आठवलं की तिचे कान गरम व्हायचे.

बाबा घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "सरिता, ते मशीन वर टाकून दे." आईने मशीन माळ्यावर टाकली. बाबा दीक्षाशी बोलेनासे झाले. तसे ते कुणाशीच बोलत नव्हते, पण दीक्षाला कारण माहीत होतं. कार्ड. तिने बापाची थट्टा केली होती, भर वार्डात, टाळी वाजवून. टाके निघाले, जखम भरली, आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं की उरलेल्या बोटांना आत्ताच व्यायाम पाहिजे. आता हलवली तर हात कामाचा राहील, नाही तर ती तीनही बोटं अशी आखडतील की पुढे काही करता येणार नाही. कारखान्याने दुसरं हलकं काम देऊ म्हटलं होतं, पण हात चालला तर. बाबा दोनदा दवाखान्यात व्यायामाला गेले. तिसऱ्यांदा आई टेलरच्या दुकानातून सुट्टी घेऊन आली, तर ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले. मग गेलेच नाहीत. आई रडली, भांडली, धर्मेंद्रकाकांना बोलावून आणलं. बाबा टॉवेलाखाली हात घेऊन बसून राहिले. सक्करदऱ्याच्या तलावावर रोज फेरी मारणारा माणूस गल्लीच्या तोंडापर्यंत जाईना.

दीक्षाने मग जे तिला येतं ते केलं. माफीचं कार्ड. मशीन माळ्यावर, म्हणून कात्रीने कापलं. कात्रीची फुलं डायसारखी होत नाहीत, त्यांना दात येतात. शिक्क्यांचा डबा उघडला तर शुभेच्छा, अभिनंदन, धन्यवाद, लवकर बरे व्हा. माफ करा असा शिक्का कुणी काढलेलाच नाही, जगात जसं कुणी कुणाचं काही वाईट करतच नाही. तिने हाताने लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एक साधं पांढरं कार्ड बाबांच्या उशाशी ठेवलं. संध्याकाळी ते चहाच्या कपाखाली होतं, वर चहाचं गोल वळं. बाबांनी ते उघडलंसुद्धा नव्हतं.

आणि आता हा प्रश्न. बाबांनी तर आज जेवणही सोडलं.

सकाळी शाळेत भूमिकाने लांबूनच हात हलवला. "विचारलं का वं?"

"विचारलं."

"मग?"

"ताटावरून उठून गेले."

भूमिकाचा चेहरा उतरला. "अबे, मी तर मजाकमध्ये म्हटलं होतं. तू खरंच जेवताना विचारलं?"

"तू माह्या जाग्यावर असतीस तर कधी विचारलं असतं?"

"मी विचारलंच नसतं," भूमिका म्हणाली, आणि दीक्षाला ते खरं वाटलं.

त्यातच प्रीती मॅडम कॉरिडॉरमध्ये भेटल्या. "कार्डं कुठवर आली, दीक्षा?" दीक्षा म्हणाली, "होत आहेत मॅडम." एकही झालं नव्हतं. कात्रीने एवढी कार्डं तिच्याने जन्मात झाली नसती. नंदिनी म्हणाली, माझ्या घरी मशीन आण, आपण मिळून करू. पण मशीन माळ्यावर. आणि शेजारच्याच खोलीत बाबा.

दीक्षा घरी आली ती दात आवळूनच. आई दुकानात होती. मागच्या खोलीचं दार लोटलेलं. तिने दप्तर फेकलं, खुर्चीवर स्टूल चढवला, स्टुलावर स्वतः चढली आणि मशीन दोन्ही हातांनी ओढून खाली उतरवली. स्टूल खाली घेऊन त्यावर मशीन ठेवली, धूळसुद्धा पुसली नाही. ऐकू दे बाबांना. रागावू दे. ओरडू दे, दोन चापट्या मारू दे, पण काही तरी म्हणू दे. तिने प्लेट ठेवली. एकावर एक कार्डशीटचे थर ठेवले, जितके हाताला लागले तितके, वर डाय, वर दुसरी प्लेट, आणि तो अवजड थर रोलरच्या तोंडात कोंबला. हँडल जड गेलं. तिने जोर लावला. कर्र. कर्र. घरभर आवाज घुमला. कागद तिरपा व्हायला लागला तशी तिने बोटं कडेला लावून तो सरळ दाबला आणि दुसऱ्या हाताने हँडलवर अंग टाकलं.

फाट्! फटाका फुटावा तसा आवाज झाला. वरची प्लेट मधोमध तडकली.

"हात काढ! दीक्षा, हात काढ आधी! हात!"

मागचं दार भिंतीवर आपटलं. बाबा धावत आले आणि त्यांनी तिचा हात असा हिसडला की स्टूल, मशीन, दीक्षा सगळं एका बाजूला कललं. त्यांनी दोन्ही हातांत तिचं मनगट पकडलं होतं. दोन्ही हातांत. टॉवेल मागेच कुठे तरी पडला होता. ते तिची बोटं एकेक करून वाकवून बघत होते, पुन्हा सरळ करत होते, पुन्हा पहिल्यापासून बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि तोंडाने ते नुसते "हात, हात" म्हणत होते.

"बाबा, मले काही नाही झालं. प्लेट फुटली फक्त. बाबा!"

बाबा तिथेच जमिनीवर बसले. तेव्हा त्यांना कळलं की उजवा हात उघडा आहे. ते टॉवेल शोधायला लागले.

"राहू द्या ना," दीक्षा म्हणाली. "मारा मले पाहिजे तर. पण राग धरून बसू नका. मले खरंच माहीत नव्हतं बाबा. कोणी सांगितलंच नव्हतं. माहीत असतं तर मी तो पंजा कापला असता का?"

"कोणता पंजा?"

"त्या कार्डातला! त्याच्याचसाठी तर तुम्ही बोलत नाही माह्याशी. त्याच्याचसाठी मशीन वर टाकली."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. जणू पोरगी दुसऱ्याच कुठल्या भाषेत बोलत होती.

"येडी आहेस का तू?" ते म्हणाले. "मशीन मी काहून टाकली वर? तुले काय शिकवलं होतं मी? कागद आत शिरेपर्यंत हात सोडायचा नाही. मीच शिकवलं ना? मी बी तेच केलं त्या दिवशी. शीट तिरपी जाऊन राहिली होती. म्हटलं, सरळ करतो. रोजच करतो. सगळेच करतात." ते थांबले. "त्या आवाजानं माह्या डोळ्यापुढं तुहा हात येते. माहा नाही. तुहा."

"पण बाबा, ही तर माह्या हातानं चालते. मी थांबली की मशीन थांबते."

"डोक्याले माहीत आहे. आंगाले कोण सांगन?"

एवढे दिवस ती एका गुन्ह्याची शिक्षा भोगत होती आणि शिक्षा देणाऱ्याला गुन्हाच माहीत नव्हता.

बाबा उठले. आत गेले आणि कार्ड घेऊन आले. कोपरे दुमडलेले, निळा कागद कडेला पांढरा पडलेला. म्हणजे ते पुष्कळदा उघडलं गेलं होतं.

"त्या दिवशी वार्डात माह्याकडं कोणी पाहतच नव्हतं," ते म्हणाले. "तुही आई भिंतीकडं. धर्मेंद्र जमिनीकडं. तू एकटी पहिल्यासारखी पाहून राहिली होती. मी म्हटलं, हिनं हात पाहिला की हे पाहणं बी गेलं."

"म्हणून लपवला?"

बाबांनी कार्ड मांडीवर उघडलं. पंजा टुणकन उभा राहिला. डाव्या हाताने त्यांनी कागदाचं पहिलं बोट मागे दुमडलं, नखाने घडी दाबली. मग मधलं.

"तू विचारलं ना काल, कसा दिसते." त्यांनी कार्ड तिच्यासमोर धरलं. "असा दिसते."

अंगठा आणि कडेची दोन बोटं. पंजा हलत होता. दीक्षाने आधी कार्डाकडे पाहिलं, मग बाबांच्या हाताकडे. हात कागदासारखा साफ नव्हता. लालसर होता, टाक्यांचे वळ होते, आणि उरलेली बोटं आत वळून गप्प पडून होती, आजारी माणसासारखी. पण तिने नजर हलवली नाही. हलवली असती तर मग सगळंच गेलं असतं, एवढं तिला कळत होतं.

"मग व्यायामाले काहून जात नाही?" तिने विचारलं.

"चणे उचलायले लावतात," बाबा म्हणाले. "एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. लंबा टेबल आहे, सगळे बसतात तिथं. माह्याकडून एक बी चणा वाटीपर्यंत जात नाही. खाली पडतात, टणटण आवाज करत. सगळे पाहतात. थे व्यायामवाली ताई चांगली आहे, काही म्हणत नाही. पण माहा हात पुरा पुठ्ठ्याचा गठ्ठा उचलत होता, दीक्षा. आता एक चणा उचलत नाही."

"इथं उचला मग. इथं कोण पाहते?"

तिने डब्यातून फोम टेपची पट्टी काढली. छोटे छोटे चौकोन, प्रत्येकावर चिकटलेला पातळ कागद. तो कागद नखाने सोलायचा, एवढंच काम. कार्ड करणारा माणूस दिवसातून शंभरदा करतो. तिने एक चौकोन बाबांच्या तळहातावर ठेवला. बाबांनी अंगठा आणि तिसरं बोट जवळ आणायचा प्रयत्न केला. बोट अर्ध्या वाटेत थांबलं. पुन्हा. चौकोन पडला. दीक्षाने तो उचलून परत ठेवला. पुन्हा पडला. चौथ्या की पाचव्या वेळेला त्यांनी डाव्या हाताने पट्टी, डबा, डाय, सगळं एका फटक्यात भिरकावून दिलं. शिक्के घरभर लोळले.

"नाही होत! सांगून राहिलो ना नाही होत! काय समजत नाही तुम्हाले लोकायले?"

दारात आई उभी होती, हातात पिशवी, पायात अजून चप्पल. तिने जमिनीवर पसरलेले शिक्के पाहिले, तडकलेली प्लेट पाहिली, नवऱ्याचा उघडा हात पाहिला आणि तोंडाला पदर लावून चौकटीशीच खाली बसली.

"मी थकली आता," ती म्हणाली. "खरंच थकली. बापलेकीनं काय करायचं ते करा."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. दीक्षाला जोरात रडावंसं वाटत होतं, पण घरात खचलेले आधीच दोघं होते. तिने लोळणारी टेप उचलली, कागदाची जाड चिकटपट्टी. उजव्या हाताचं पहिलं आणि मधलं बोट तळहाताशी घट्ट दुमडलं आणि डाव्या हाताने त्यांच्यावरून पट्टीचे वेढे दिले, आवळून, दुखेपर्यंत. मग फोमचा एक चौकोन जमिनीवरून उचलायला गेली. तिसरं बोट नुसतं घसरलं. अंगठा एकीकडे, बोट दुसरीकडे. चौकोन पुढे सरकला. तिने गुडघ्यावर रांगत त्याचा पाठलाग केला. कसाबसा पकडला आणि कागद सोलायला गेली तर तो हातातून सुटून आईच्या पायाशी जाऊन पडला. तिने पुन्हा पकडला. पुन्हा सुटला. तिची चांगली, धडधाकट, दिवसातून शंभरदा हेच करणारी बोटं, आणि तिला ते जमेना. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, तिने ते बाहीला पुसलं आणि पुन्हा चौकोनामागे लागली.

बाबा बघत होते. आधी तिच्या हाताकडे, मग स्वतःच्या.

"सोड ते," ते हळूच म्हणाले. "रक्त थांबन त्या बोटांचं."

दीक्षाने सोडलं नाही. ती तशीच जमिनीवर मांडी घालून बसली, पट्टी बांधलेला हात मांडीवर उघडा ठेवून.

"आई, बाबा, दोघं बी ऐका," ती म्हणाली. "मी ठरवलं आहे. निरोपाची कार्डं मी करणार नाही. मशीन अन् डाय नंदिनीच्या घरी देऊन येते, नंदिनी करन कार्डं, अन् प्रीती मॅडमले मी उद्या सकाळीच सांगते. सोमवारी व्यायामाचा वार असते, मी शाळेत जाणार नाही. दवाखान्यात जाणार आहे, हे बोटं अशेच बांधून. त्या लंब्या टेबलावर बसीन अन् चणे उचलीन. बाबा, तुम्ही आले तर तुमच्या बाजूले बसीन. नाही आले तर एकटी बसीन अन् ताईले सांगीन, संघपालची पोरगी आहे म्हणून. तुम्ही पाडा चणे, मी बी पाडते. पाहू द्या ज्याले पाहायचं त्याले."